मोनोग्रामची मागची बाजू

दुरुस्तीला मोनोग्राम आला की मी आधी तो उलटा करते. पुढच्या बाजूला मोटार कंपनीचं नाव असतं, रंग असतात, चकाकी असते. कामाची खरी हकीकत मागं असते. पत्रा निव्वळ तांब्याचा आहे की जस्त मिसळलेला, ठसा किती खोल उठलाय, खुंट्या चांदीच्या डाखानं बसवल्यात की कथलाच्या, मागं काचेचं अस्तर दिलंय की धातू उघडा सोडलाय, हे सगळं तिथं कळतं. काहींच्या पाठीवर बारीक अक्षरांत बनवणाऱ्या कारखान्याचा छापही असतो: ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातली डी. एल. ऑल्ड कंपनी, त्याच राज्यातल्या सिनसिनाटीची फॉक्स कंपनी. ज्यांनी त्या खाचांत रंग भरला आणि तो भट्टीत पिकवला, त्यांचं नाव मात्र ना पुढं असतं ना मागं. इतकी वर्षं मी त्याच माणसांचं काम सांभाळत आले. त्यांच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी सांगलीत राहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन मोटारींच्या रेडिएटरवर मिनाकाम केलेली जी पदकं बसवलेली असत, ती दुरुस्त करणं हे माझं काम. गॅरेजमधली मंडळी त्यांना मोनोग्राम म्हणतात, म्हणून मीही म्हणते. साताऱ्याहून, कऱ्हाडहून, कोल्हापूर-बेळगावहून, पुण्याहून ती माझ्याकडं येतात. जुनी मोटार बांधून काढताना मिस्त्री इंजिन उठवतो, सुतार सांगाडा करतो, रंगारी रंग मारतो, गादीवाला बैठक शिवतो आणि सगळ्यात शेवटी हा तळहाताहून लहान तुकडा राहतो. त्याच्यावाचून मोटार चालते. पण ती कुणी बनवली हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही.

त्या काळी रेडिएटर मोटारीच्या अगदी पुढ्यात, उघडा असे. नाव लावायला तीच जागा. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीवर सुरुवातीच्या वर्षांत ते पितळी रेडिएटरच्या माथ्यावर ठोकूनच उठवलेलं असे. बाकीच्या अनेक कंपन्यांनी काच निवडली, आणि त्याला कारण होतं. रेडिएटरच्या मागं उकळायला आलेलं पाणी, पुढं ऊन, पाऊस, धुरळा आणि चाकांनी उडवलेली खडी. तेलाचा रंग तिथं फार टिकत नाही. भट्टीत धातूवर वितळवलेली रंगीत काच उन्हानं फिकी पडत नाही, पाण्यानं धुपत नाही. म्हणून दागिन्यांच्या कारागिरीतली ही जुनी विद्या डेट्रॉइटच्या मोटारीवर जाऊन बसली.

आणि प्रत्येकानं आपापली ओळख त्या लहानशा जागेत मांडली. 1914 साली मोटार काढणाऱ्या डॉज बंधूंनी एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण घेतले, मधोमध आपली अक्षरं घातली आणि कडेनं नाव फिरवलं. स्टुडबेकरची मंडळी 1852 पासून घोडागाड्या बनवणारी. त्यांनी चाक घेतलं आणि त्यावर तिरपं नाव लिहिलं. हडसननं त्रिकोण घेतला. कॅडिलॅकनं, 1701 मध्ये डेट्रॉइट वसवणाऱ्या फ्रेंच सरदाराचं नाव घेतलं होतं, तर त्याचीच ढालही घेतली. 1928 मध्ये निघालेल्या प्लिमथवर मेफ्लॉवर जहाज आलं. पुढं 1930 च्या दशकात रेडिएटर जाळीमागं झाकला गेला, क्रोमची चलती झाली, नावं ओतीव धातूची आणि मग प्लास्टिकची झाली. ज्या कंपन्यांनी ही पदकं घडवून घेतली त्यांतल्या कितीतरी उरल्या नाहीत. ओव्हरलँड गेली, एसेक्स गेली, हपमोबिल 1940 मध्ये थांबली, स्टुडबेकर 1966 मध्ये. त्यांच्या पुष्कळ मोटारी भंगारात वितळल्या. मोनोग्राम मात्र अजून माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचा निळा आजही निळाच असतो.

मी या कामाकडं वळले ती मोटारींच्या ओढीनं नव्हे. माझं माहेर विट्याकडचं, गलाईवाल्यांचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा आमचा दुष्काळी पट्टा. शेती पावसाच्या भरवशावर. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मूस आणि चिमटा घेऊन देशभर गेली. हिंदुस्थानातल्या सराफ बाजारांच्या कितीतरी गल्ल्यांत आमच्याकडचा एखादा माणूस सोनं-चांदी गाळत बसलेला सापडतो. माझे वडील तमिळनाडूतल्या एका गावी गलाईचं दुकान चालवत. माझं बालपण त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत गेलं. तेजाबात मोड टाकली की चांदी विरघळून जाते, सोनं तळाशी राहतं; मग त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की चांदी पुन्हा बाहेर येते. ती धुऊन, सुहागा टाकून आटवायची. शाळेत रसायनशास्त्र यायच्या आधी हे मी रोज पाहिलं होतं.

वडील ताप डोळ्यानं ओळखायचे. मुशीच्या आतला लाल रंग कुठं केशरी होतो, केशरी कुठं पिवळसर होतो, यावरून ते कोळसा पुढं-मागं करायचे. सराफानं विश्वासानं दिलेला माल त्याच्या हातात परत जाताना त्यात गुंजेचाही फरक पडता कामा नये, हा त्यांचा धर्म होता. त्या चांदीतून पुढं कुणाचे पैंजण झाले, कुठल्या देवाचा मुखवटा झाला, हे त्यांना कधी कळलं नाही. दागिन्यावर सराफाचं नाव असे. वडिलांचं नाव तोळामाशाच्या हिशेबाच्या वहीतच राहिलं. तरी प्रत्येक मूस ते सारख्याच निगुतीनं उतरवत. आज अमेरिकेतल्या अनामिक हातांचं काम बघताना मला त्यांची आठवण येते, ती याच कारणानं.

लग्न होऊन मी सांगलीला आले. सराफ कट्ट्यावर तेव्हा एक जयपुरी कारागीर दागिन्यांत मिना भरायचे. वयानं मोठे, बोलणं थोडं. गलाईवाल्याची लेक म्हणून त्यांनी मला भट्टीजवळ बसू दिलं. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. मिना म्हणजे काच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. काचेत धातूची भस्मं मिसळली की तिला रंग चढतो: कोबाल्टनं निळा, तांब्यानं हिरवा किंवा फिरोजी, कथलानं दाट पांढरा, मँगनीजनं जांभळा. हे काचेचे खडे खलात पाण्याबरोबर घोटायचे. मग धुवायचे. वरचं दुधाळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा ओतायचं, वर नितळ पाणी राहीपर्यंत. ही धुलाई कमी पडली तर पारदर्शक रंग ढगाळ निघतो आणि मग काही केल्या साफ होत नाही.

भरायचंही ओलंच. सळईच्या टोकानं थोडा थोडा रंग खाचेत सोडायचा, कापडाच्या कोपऱ्यानं पाणी टिपायचं, कण घट्ट बसवायचे. मग तो भट्टीच्या तोंडाशी पूर्ण वाळू द्यायचा, कारण आत ओल राहिली तर वाफ होऊन रंग उडतो. भट्टी आठशे अंशांच्या आसपास. आत जेमतेम दोन-अडीच मिनिटं. भुकटी आधी काळवंडते, मग साखरेसारखी रवाळ होते, मग तिच्यावर खड्डे-उंचवटे दिसतात आणि एकाएकी ती सपाट होऊन चमकते. त्याच क्षणी बाहेर काढायचं. लाल रंग सगळ्यात नाजूक. जास्त ताप झाला तर तो काळा पडतो. म्हणून उस्ताद लाल नेहमी शेवटच्या आंचेला ठेवत. थंड झाल्यावर पाण्याखाली दगडानं घासायचं, काच आणि धातूची कड एका पातळीत आणायची, पुन्हा एकदा झटकन आंच द्यायची, म्हणजे घासलेली काच परत झळाळते.

यात सगळ्यात मोठं भांडण तांबं आणि काच यांचं. तापल्यावर दोन्ही पसरतात, पण सारखी नाही. तांबं जास्त पसरतं आणि निवताना जास्त आकसतं. काच त्याच्या मापात बसणारी निवडली तर निवल्यावर ती सगळीकडून सारखी दाबली जाते आणि त्या दाबानंच मजबूत राहते. माप चुकलं तर ती तडकते किंवा पत्रा वाकतो. पत्रा वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही काचेचं अस्तर देतात. ते कुणाला दिसत नाही. मोटारीवर बसल्यावर तर ते कायमचं झाकलं जातं. तरी जुन्या चांगल्या मोनोग्रामच्या पाठीवर ते असतं, नाहीतर पत्राच इतका जाड घेतलेला असतो की अस्तराची गरज पडू नये. पुढचं काम टिकावं म्हणून मागं कुणीतरी विचार केलेला असतो. मी आधी पाठ बघते ती त्यासाठी.

पहिला मोनोग्राम साताऱ्याच्या एका मिस्त्रींनी आणला. डॉज बंधूंचा. मिना भरणारी बाई सांगलीत आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. कागदात गुंडाळलेला तो तुकडा पुढं ठेवून म्हणाले, “ताई, हे अमेरिकेचं काम आहे. इकडं कुणाला जमेल असं वाटत नाही, पण तुम्ही एकदा बघा तरी.”

मी भिंगाखाली धरला. पारदर्शक निळ्याखाली धातूवर यंत्रानं ओढलेल्या बारीक लहरी होत्या. उजेड त्या लहरींवरून परतून काचेतून बाहेर येत होता, म्हणून निळा आतून उजळल्यागत दिसत होता. मधल्या त्रिकोणांच्या कडा केसाएवढ्या, आणि त्या कडांना लागून एकही बुडबुडा नाही. हे यंत्रानं झालेलं नव्हतं. ठसा यंत्राचा, लहरी यंत्राच्या. रंग मात्र सळईनं, एकेक खाच बघून भरलेला. इंग्लंड-अमेरिकेतल्या बिल्ल्यांच्या कारखान्यांत हे भरणकाम करणाऱ्यांत बायका-मुली मोठ्या संख्येनं होत्या, हे मला पुढं वाचून कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की हा हात उस्तादांच्या हाताच्या जातीचा आहे.

“जमेल,” मी म्हणाले.

इकडं जमणार नाही, हे मला पटण्यासारखंच नव्हतं. आमच्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत विस्तवाशी झटणारी माणसं कमी झाली नाहीत. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि तिथं लोखंडी नांगर होऊ लागले. सातारा रोडला कूपरांच्या कारखान्यात पुढं इंजिनं झाली. कऱ्हाडशेजारच्या ओगलेवाडीत काच झाली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, तळेगावला पैसा फंडाच्या पैशा-पैशांतून 1908 मध्ये उभ्या राहिलेल्या काच कारखान्यात शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान-अमेरिकेत काचकाम शिकून आले होते, आणि त्या कारखान्यात तयार झालेल्या माणसांनी पुढं देशभर काचेच्या भट्ट्या पेटवल्या. लोखंड, काच आणि दोन्हींचा ताप ओळखणारे डोळे इथं होतेच. मोनोग्रामला लागणारं सगळं त्यात आलं.

हळूहळू एकेक मोनोग्राम येत गेला आणि त्यांच्या जखमा बघून मला आमचे रस्ते वाचता यायला लागले. खडीनं उडालेला टवका वेगळा. तो एका जागी, खोलगट, कडेनं शिंपल्याच्या आकाराचा असतो. घाटातली तडक वेगळी. ती वरच्या कडेपासून खाली उतरते आणि तिला फाटे फुटतात. पसरणीचा घाट, खंबाटकी, कुंभार्ली चढताना त्या मोटारींचं पाणी उकळायचं. ड्रायव्हर वाटेत थांबून रेडिएटरवर थंड पाणी ओतायचा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. त्याला कुणाचाही इलाज नाही. माझ्याकडं आलेल्या आमच्या भागातल्या बहुतेक मोनोग्रामवर ही उभी तडक असते.

तिसरी जखम मायेची. पितळ चमकावं म्हणून क्लीनर पोरं चिंच आणि राखेनं रेडिएटर घासायची, त्याबरोबर मोनोग्रामही. राखेनं वरचा निकेलचा मुलामा झिजतो, चिंचेच्या आंबटानं काही जातींच्या काचेचा वरचा तजेला जातो. अशा तुकड्याला हात लावला की खरखरीत लागतो. ज्या मोटारीवर जास्त जीव, तिचा मोनोग्राम जास्त झिजलेला.

वाईकडच्या एका आजींनी नातवाबरोबर पाठवलेला मोनोग्राम शेवरलेटचा होता. 1928 मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि त्यानंतर शेवरलेटच्या गाड्या आपल्याकडं पुष्कळ दिसू लागल्या. ट्रकच्या सांगाड्यावर इथल्या सुतारांनी लाकडी बांधणी करायची आणि तिची सर्व्हिस मोटार करायची, हा त्या वेळचा रिवाज. आजींचे सासरे वाठार स्टेशनावर रेल्वेनं उतरलेली माणसं वाई-पाचगणीला पोचवत. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा त्यांनी कोळशाच्या गॅसवर मोटार चालवली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी सुटली, आणि पुढं एकेक मार्ग सरकारी होत गेला तशी त्यांची सर्व्हिस बंद झाली. मोटार मोडीत निघाली. देताना सासऱ्यांनी पान्यानं मोनोग्राम तेवढा काढून घेतला आणि देवघरात ठेवला.

निळ्या जमिनीवरची पांढरी अक्षरं अजून वाचता येत होती. पण निळ्यात सगळीकडं लाल रेघा पसरल्या होत्या. भिंगाखाली बघितलं तर ते कुंकू. मोटार होती तेव्हा दर दसऱ्याला तिच्या पुढ्यात हार घालून, नारळ फोडून मोनोग्रामवर हळद-कुंकू वाहिलेलं. मोटार गेल्यावर देवघरातही ते चालूच राहिलेलं. घाटातल्या प्रत्येक तडकेत ते उतरून बसलं होतं. अक्षरांच्या कडेला हळदीचा पिवळा थर, त्यावर काजळी.

मी आजींना फोन केला. “आजी, हा पहिल्यासारखा करायचा तर पुन्हा भट्टीत घालावा लागेल. त्यात हे कुंकू जळेल.”

त्या म्हणाल्या, “मामंजींनी वाहिलेलं हाय त्यात. माझ्या सासूनं वाहिलेलं हाय. ते न्हाई जाळायचं, पोरी. तडे दिसले तर दिसूं देत.”

भट्टीच्या नियमानं कुंकू राहूच शकत नाही. तडकेत हळद, तेल, धूळ असं काहीही जळण्याजोगं राहिलं तर तापल्यावर त्याचा वायू होतो आणि काचेला फोड येतात. म्हणजे एकतर तडका आतपर्यंत धुऊन काढायच्या आणि काच पुन्हा वितळवायची, नाहीतर भट्टीला शिवायचंच नाही. मी दुसरी वाट धरली. कोरड्या कुंचल्यानं वरची काजळी काढली. जिथं काचेची खपली सुटायला आली होती तिथं तिच्या कडेखाली पातळ, पारदर्शक राळ सोडून ती पक्की केली. मागचं हिरवं चढलेलं तांबं साफ करून त्यावर मेणाचा हात दिला. कुंकवाच्या रेघांना हात लावला नाही. ते काम मला फार मोलाचं वाटतं. कोलंबस किंवा सिनसिनाटीच्या कुठल्याशा टेबलावर भरलेली काच आणि वाईकडच्या दोन पिढ्यांच्या माणसांनी वाहिलेलं कुंकू एकाच तुकड्यात आहे. दोन्ही हातांनी तो मनापासूनच सजवला होता.

याउलट पुण्याच्या एका संग्राहकांना त्यांचा मोनोग्राम अगदी नव्यासारखा हवा होता. मोटार जुन्या गाड्यांच्या मेळ्यात न्यायची होती. तो आला तेव्हा त्यातली जेमतेम एक चतुर्थांश काच शिल्लक होती. उरलेल्या खाचांत कुणीतरी नखाला लावायचा रंग भरला होता. अशा तुकड्यात वाचवण्याजोगं थोडंच असतं. मी आधी प्रत्येक रंगाचा आणि त्याच्या जाडीचा नकाशा काढून घेतला. मग तुकडा तापवून थंड पाण्यात सोडला. जे पाणी घाटात काच फोडत होतं त्यानंच इथं जुनी काच सुटून आली. तेजाबापेक्षा ही रीत मला बरी वाटते. काच खाणारं आम्ल माणसाची हाडंही खातं. नंतर लहरींमधली घाण साफ केली, नवा रंग निवडला, तांब्याच्या पट्ट्यांवर त्याची आंच घेऊन पाहिली, उरलेल्या जुन्या कणांशेजारी धरून छटा जुळवली आणि मग भरायला बसले.

जुनी काच किती राखायची आणि नवी कधी भरायची, याचा नियम मी या कामांतूनच बांधला. अर्ध्याहून जास्त काच धातूला घट्ट धरून असेल तर तिला पुन्हा आंच द्यायची नाही. जुन्या काचेचा नेमका मिलाफ आपल्याला ठाऊक नसतो. नव्या आंचेत ती कशी वागेल सांगता येत नाही. मागच्या खुंट्यांचा डाख वितळतो, वरचं निकेल जळतं, आणि शंभर वर्षं टिकलेलं काम दोन मिनिटांत बदलतं. तिथं थंड दुरुस्तीच योग्य, आणि तीही अशी की उद्या कुणाला काढायची झाली तर निघावी. काच गेलेलीच असेल तर मात्र अर्धवट डागडुजी करू नये. मूळ कारागिरांनी केलं त्याच रीतीनं, तितक्याच पायऱ्यांनी, मागच्या अस्तरासकट पुन्हा करावं. राळेचा रंग भरून त्याला मिना म्हणून विकणं मला मान्य नाही. तो आठ-दहा उन्हाळ्यांत पिवळा पडतो आणि दोष त्या जुन्या कारागिराच्या माथी जातो.

कुणी विचारतं, एवढ्याशा तुकड्यासाठी इतकं कशाला? त्याचं उत्तर मला 2019 च्या ऑगस्टमध्ये मिळालं. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा ओळखीच्या एका गॅरेजात ते बरेच दिवस राहिलं. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ उपसायला गेलो. जुन्या मोटारींची कागदपत्रं लगदा झाली होती. गाद्यांचं कातडं कुजलं होतं, लाकूड फुगलं होतं, लोखंडाला गंज चढला होता. एका पत्र्याच्या डब्यात मोनोग्राम होते. डबा गाळानं भरलेला. नळाखाली धरले तसे रंग वर आले. ज्यांची काच सलग होती त्यांना काहीही झालं नव्हतं. ज्यांना तडे होते त्यांच्यात मात्र पाणी शिरून खालचं तांबं हिरवं पडलं होतं, आणि ते लगेच वाळवले नसते तर काच सुटत गेली असती. त्या मोटारींची सगळी मोठी अंगं हरली आणि सगळ्यात लहान अंग टिकलं. ते टिकलं याला कारण एकच: धुलाई, भरणी, वाळवण, आंच, घासणी यांतली एकही पायरी कुणी गाळली नव्हती.

ज्यांनी ती गाळली नाही त्यांना ठाऊक होतं की आपलं नाव यावर येणार नाही. मोटारीवर डॉजचं नाव असेल, शेवरलेटचं असेल. दागिन्यावर सराफाचं असेल. पण काम करणाऱ्याची सचोटी नावावर अवलंबून नसते, हे मी विट्याच्या माणसांत पाहिलं आणि ओहायोच्या तुकड्यांतही पाहिलं. माझ्या वडिलांनी गाळलेली चांदी कुठं आहे हे मला कधीच कळणार नाही. ती शुद्ध असणार एवढं मात्र खात्रीनं सांगू शकते. अमेरिकेतल्या त्या बायकांबद्दलही तेवढंच सांगता येतं, आणि त्यांचा पुरावा माझ्या हातात असतो.

आमच्याकडची गलाईही आता बदलते आहे. मोठी यंत्रं आली, पोरं शिकून वेगळ्या वाटेनं गेली, आणि त्यात वाईट काही नाही. पण डोळ्यानं ताप ओळखणं एका पिढीत तुटलं तर ते पुस्तकातून परत येत नाही. म्हणून माझ्याकडं बसायला येणाऱ्या मुलींना मी आधी मिना शिकवत नाही, भट्टी बघायला शिकवते. लाल कुठला, केशरी कुठला, भुकटी कधी रवाळ झाली, कधी सपाट झाली. त्यांतल्या काही दागिन्यांत जातील, काही घड्याळांच्या तबकड्यांत, एखादी मोनोग्रामकडं वळेल. हात तयार असला की काम मिळतं.

दुसरं एक काम मी नेमानं करते. प्रत्येक मोनोग्रामची वहीत नोंद ठेवते: कुठल्या गावाहून आला, कुठल्या मोटारीचा, पाठीवर कुणाचा छाप, किती काच जुनी राखली, किती नवी भरली, कुठला रंग कुठल्या आंचेला उतरला, कुठं राळ वापरली. तीच नोंद थोडक्यात एका चिठ्ठीवर लिहून मालकाला देते. मला मूळ कारागिरांकडून अशी चिठ्ठी मिळाली नाही, त्यांचं सगळं मला काचेतूनच ओळखावं लागलं. माझ्यानंतर जी मुलगी हा तुकडा उलटा करून बघेल तिला तेवढी सोय असावी.

आणि ज्यांच्या घरात, वाड्याच्या माळ्यावर, देवघरात किंवा जुन्या अवजारांच्या पेटीत असा एखादा मोनोग्राम असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चिंच, राख, लिंबू, काही लावू नका. तडे असले तर पाण्यात बुडवू नका, मऊ कोरड्या कापडानं पुसा आणि कोरड्या जागी ठेवा. भंगारात तांब्याच्या भावानं देऊ नका. तांबं त्यात चिमूटभरच असतं. त्यात जे जास्त आहे ते कुणाच्या तरी हातांचं आहे, आणि ते हात पुन्हा मिळणार नाहीत.